संगणकाचा पडदा निवडताना

संगणक घेताना लोक बहुधा पेटीचीच चौकशी करतात. आत प्रोसेसर कोणता आहे, मेमरी किती आहे, हार्ड डिस्क केवढी आहे, असे प्रश्न विचारतात. मॉनिटरची पाळी शेवटी येते आणि उरलेल्या पैशांत जो बसेल तो घेतला जातो. खरे पाहता संगणकाच्या या एकाच भागाकडे आपण तासन्‌तास पाहत असतो. पेटीतली मेमरी पुढे वाढवता येते, डिस्क बदलता येते. पडदा मात्र घेतला तसाच राहतो. म्हणून पैसे थोडे असतील तर मॉनिटरचा विचार अधिकच नीट करायला हवा.

'पडदा' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो फारसीतून मराठीत आला आणि उर्दूतही आहे. किंमत, दुकान, खर्च, फरक, हिशेब हे या पाठातले शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. मॉनिटरच्या खोक्यावरचे शब्द मात्र ओळखीचे नसतात आणि गिऱ्हाईक तिथेच गोंधळते. ते शब्द आज आपण एकेक करून समजून घेऊ.

समजा, मालेगावात एक कुटुंब आहे. अब्बा यंत्रमागावर काम करतात. मोठी आपा घरी बसून उर्दू मजकूर टाइप करते. लग्नाच्या पत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, कधी एखाद्या शायराच्या दीवानाची पाने, असे काम तिच्याकडे येते. धाकटा भाऊ दहावीत आहे. तोही त्याच संगणकावर अभ्यास करतो. एके दिवशी जुना मॉनिटर बंद पडला. घरात भिशीचे आठ हजार रुपये आलेले आहेत. पुढची भिशी लागायला अजून वर्ष आहे. आता जो मॉनिटर येईल त्यावर वर्षभर तरी काम करायचे आहे. तो चुकीचा निघाला, तर आपाला डोळे ताणत काम करावे लागेल किंवा आलेले काम परत पाठवावे लागेल.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न कानावर येतो, "किती इंची पाहिजे?" हे इंच पडद्याच्या रुंदीचे नसतात. पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर, म्हणजे कर्ण, इंचांत मोजलेला असतो. भूमितीत तुम्ही आयताचा कर्ण शिकला आहात. पण नुसत्या कर्णावरून आयत केवढा आहे हे कळत नाही. तो चौकोनी असेल तर त्याचे क्षेत्रफळ जास्त भरते. लांबट असेल तर कमी.

पूर्वीचे मॉनिटर जवळजवळ चौकोनी असत. त्यांतल्या १९ इंची पडद्याच्या रुंदीचे उंचीशी प्रमाण बहुधा ५ : ४ होते. आजच्या बहुतेक पडद्यांचे प्रमाण १६ : ९ असते. पायथागोरसच्या प्रमेयाने हिशेब करून पाहा. ५ : ४ प्रमाणाचा १९ इंची पडदा सुमारे ३० सेंटिमीटर उंच भरतो. १६ : ९ प्रमाणाचा साडेअठरा इंची पडदा फक्त २३ सेंटिमीटर उंच असतो. आकड्यांत अर्ध्या इंचाचा फरक, पण उंचीत तब्बल सात सेंटिमीटरचा! फार काय, २१.५ इंची नवा पडदासुद्धा उंचीला २७ सेंटिमीटरांच्या आतच राहतो. तो रुंदीला जास्त असतो, एवढेच. दुकानात ज्याला '२२ इंची' म्हणतात तो बहुधा हाच २१.५ इंची असतो आणि '२४ इंची' म्हणतात तो २३.८ इंची असतो.

उंचीचा हा मुद्दा आपाच्या कामाचा आहे. नस्तालीक लिपीतला शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत जातो. त्यामुळे तिच्या ओळीला मराठी किंवा इंग्रजी ओळीपेक्षा जास्त उंची लागते. पडदा बुटका असेल तर एका वेळी थोड्याच ओळी दिसतात आणि पान सारखे वरखाली सरकवावे लागते. चित्रपट पाहणाऱ्याला लांबट पडदा बरा वाटतो. पाने जुळवणाऱ्याला उंची लागते.

आता दुसरी गोष्ट. ती इंचांपेक्षाही महत्त्वाची आहे. मॉनिटरचा पडदा अगदी बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलचे आणखी तीन भाग असतात : लाल, हिरवा आणि निळा. घरी भिंग असेल तर चालू पडद्याच्या पांढऱ्या भागावर ते धरून पाहा. पांढरे काहीच दिसणार नाही. लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्यांची रांगोळी दिसेल. तिन्ही सारख्या उजळल्या की दुरून आपल्याला पांढरा रंग दिसतो.

पडद्यावर आडव्या ओळीत किती पिक्सेल आणि उभ्या ओळीत किती पिक्सेल, हे दोन आकडे मिळून रिझोल्यूशन होते. खोक्यावर '१९२० × १०८०' असे लिहिलेले असेल तर त्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल आहेत. याला 'फुल एचडी' म्हणतात. '१३६६ × ७६८' असे लिहिलेले असेल तर पिक्सेल साडेदहा लाखांच्या आतच आहेत, म्हणजे जवळजवळ निम्मे. स्वस्तातल्या लहान मॉनिटरांवर आणि पुष्कळ ३२ इंची टीव्हींवर हा दुसरा आकडा आढळतो. तिथे 'एचडी रेडी' असे लिहिलेले असते आणि वाचणाऱ्याला ते 'फुल एचडी'च वाटते! शब्दांवर जाऊ नका, आकडे वाचा.

तेवढेच पिक्सेल मोठ्या पडद्यावर पसरले की प्रत्येक पिक्सेल मोठा होतो. फुल एचडीचा २१.५ इंची पडदा घेतला तर एका इंचात सुमारे १०२ पिक्सेल बसतात आणि एक पिक्सेल पाव मिलिमीटरचा होतो. तीच फुल एचडी २७ इंची पडद्यावर असेल तर इंचात ८२ पिक्सेल उरतात. एचडी रेडीचा ३२ इंची टीव्ही मॉनिटर म्हणून वापरला तर इंचात फक्त ४९ पिक्सेल येतात. तिथे एकेक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा होतो. दिवाणखान्यात आठ फुटांवरून तो छान दिसतो. पण टेबलावर दोन फुटांवर ठेवला की अक्षरांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसू लागतात. 'एवढ्याच पैशांत मोठा टीव्ही येतो, तोच लावू' असे कुणी म्हणाले, तर त्याला हा हिशेब सांगा.

अक्षरे वाचायला पिक्सेल बारीक का हवेत? उर्दूतले बे, पे, ते, से ही अक्षरे आठवा. अंग एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. बेच्या खाली एक नुक्ता, पेच्या खाली तीन, तेच्या वर दोन, सेच्या वर तीन. अक्षर लहान आणि पिक्सेल मोठे असतील तर तीन नुक्ते एकमेकांत मिसळून एकच डाग होतो. वर शब्द तिरपा, त्यामुळे प्रत्येक तिरप्या रेषेची पायरी दिसते. देवनागरीतही असेच आहे. 'घटा' आणि 'घंटा' यांत फरक केवढा? डोक्यावरच्या एका टिंबाचा. तो दिसला नाही तर अर्थच बदलतो. प्रश्नपत्रिकेत अशी चूक गेली, तर बोल टाइप करणाऱ्यालाच लागतो.

संगणकावर नस्तालीक लिहिणे एके काळी जवळजवळ अशक्य समजले जात असे. एकेक अक्षर शेजारी ठेवून हा शब्द बनत नाही. अक्षराचे रूप शेजारच्या अक्षरांप्रमाणे बदलते. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडरूपे हाताने लिहिली आणि १९८१ साली 'नूरी नस्तालीक' हा टाइप तयार झाला. तोवर उर्दू दैनिकेसुद्धा कातिबांच्या हाताने लिहून काढावी लागत. पुढे १९९४ साली 'इनपेज' हे सॉफ्टवेअर आले आणि नूरी नस्तालीक साध्या संगणकावर लिहिता येऊ लागले. कातिबांनी कागदावर सांभाळलेले अक्षराचे सौंदर्य आता पडद्यावर उतरते. पडदाच खडबडीत असेल तर ते कुठून दिसणार?

तेव्हा आठ हजारांत आपासाठी कोणता आकार घ्यावा? माझे मत विचाराल तर फुल एचडीचा २२ इंची. अक्षरे सर्वांत रेखीव त्यावर दिसतील. मात्र अब्बांसारखे चाळिशीचा चष्मा लावणारे माणूस रोज त्यावर काम करणार असेल, तर मी २४ इंची घेईन. तिथे पिक्सेल थोडे मोठे, म्हणून अक्षरेही थोडी मोठी दिसतात, आणि एका इंचात ९२ पिक्सेल म्हणजे काही वाईट नाही. २७ इंची मात्र फुल एचडीत घेऊ नये. तो दुकानात भव्य दिसतो, पण पिक्सेल तेवढेच असतात.

आता पडद्याच्या आत डोकावू. जुने मॉनिटर टीव्हीसारखे पोटाळ असत. त्यांत काचेची मोठी नळी असे. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ साली अशी नळी पहिल्यांदा बनवली. तिच्यात इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर आदळून ठिपका उजळत असे. ते मॉनिटर आता नवे मिळत नाहीत. आजचे मॉनिटर चपटे असतात आणि ते द्रवस्फटिकांवर चालतात.

द्रवस्फटिक म्हणजे काय? हा पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकातल्यासारखे शिस्तीने उभे असतात. १८८८ साली फ्रीडरिश राइनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ही गोष्ट लक्षात आली. एक पदार्थ तापवताना तो दोनदा वितळतो असे त्याला दिसले : आधी त्याचा गढूळ द्रव झाला आणि आणखी तापवल्यावर तो स्वच्छ झाला. या गढूळ अवस्थेचा पुढे पडद्यासाठी उपयोग होईल, असे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते. आपल्या देशाचाही या विद्येत वाटा आहे. १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. बाजूने पाहतानाही चित्र नीट दिसावे म्हणून पडद्यांवर जे पातळ आवरण बसवतात, त्यात अशा चकत्यांसारख्या रेणूंचा पुढे उपयोग झाला.

मॉनिटरमध्ये द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. ते खिडकीच्या झडपांचे काम करतात. मागे पांढरा दिवा सतत जळत असतो. त्याला बॅकलाइट म्हणतात. विजेचा दाब कमीजास्त झाला की झडपा कमीजास्त उघडतात आणि तेवढाच प्रकाश पुढे येतो. मागचा दिवा पूर्वी बारीक ट्यूबलाइटसारखा असे; आता एलईडीचा असतो. म्हणून दुकानदार 'एलईडी मॉनिटर' म्हणतो. त्याचा पडदा द्रवस्फटिकांचाच असतो, दिवा तेवढा एलईडीचा. हे पांढरे दिवे निळ्या एलईडीवर पिवळा थर देऊन बनवतात. निळा एलईडी बनवणे फार कठीण होते. ते साधल्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

झडपा उघडण्याच्या तीन पद्धती आहेत आणि खोक्यावर त्यांची नावे असतात : टीएन, व्हीए आणि आयपीएस. टीएन सर्वांत जुनी आणि स्वस्त. तिच्यात दोष असा, की समोरून पाहिले तर चित्र ठीक, पण बाजूने किंवा खालून पाहिले की रंग उलटेपालटे होतात. व्हीएमध्ये काळा रंग चांगला गडद येतो, मात्र हलते चित्र थोडे पुसट होऊ शकते. आयपीएस जपानच्या हिताची कंपनीने १९९६ साली बाजारात आणली. तिच्यात कोणत्याही बाजूने पाहा, रंग फारसे बदलत नाहीत. काळा रंग मात्र अंधाऱ्या खोलीत थोडा राखाडी वाटतो. आपा आणि तिचा भाऊ शेजारी बसून एकच पडदा पाहणार असतील, तर आयपीएसच घ्यावी. आता ती स्वस्त मॉनिटरांतही मिळते.

जाहिरातीतल्या बाकीच्या मोठ्या शब्दांपाशी फार थांबायला नको. 'रिफ्रेश रेट' म्हणजे एका सेकंदात चित्र किती वेळा नवे होते. ६० हर्ट्‌झला ते ६० वेळा होते, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. १०० हर्ट्‌झला दर १० मिलिसेकंदांनी. खेळ खेळणाऱ्यांना हा फरक जाणवतो. टाइप करणाऱ्याला ६० किंवा ७५ पुरेत. 'कॉन्ट्रास्ट दहा लाखाला एक' असे लिहिले असेल तर त्यातला 'डायनॅमिक' हा शब्द शोधा. मागचा दिवा मंद करून मोजलेला तो आकडा असतो. त्यावर दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा तो सोडून द्या. आतल्या स्पीकरचा आवाज बहुधा डबीतून आल्यासारखा येतो. त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत.

मात्र जोडणी पाहिल्याशिवाय मॉनिटर घेऊ नका. चांगला मॉनिटर घरी आणावा आणि तार बसू नये, असे खूप वेळा होते. दुकानातले बोलणे असे होऊ शकते :

"दादा, आमच्या पेटीला मागे निळी पट्टी आहे. स्क्रू असलेली."

"ती व्हीजीए, ताई. पंधरा पिनांची. फार जुनी पद्धत आहे. दुसरी चपटी जागा नाही का?"

"आपा, आहे. मी फोटो काढून आणलाय," भाऊ म्हणाला.

"हा बघा, ही एचडीएमआय. मग हीच वापरा. चित्र स्वच्छ येईल. तार खोक्यातच आहे."

भावाने फोटो आणला, हे त्याने फार शहाणपणाचे केले. व्हीजीए ही जोडणी आयबीएम कंपनीने १९८७ साली आणली. तिच्यातून चित्र लाटांच्या रूपात जाते आणि पडद्याला पुन्हा त्याचे पिक्सेल करावे लागतात. त्यात अक्षरे किंचित पुसट होऊ शकतात. एचडीएमआयमधून आकडेच जातात. पिक्सेलचा पिक्सेल पोचतो. पेटीला फक्त व्हीजीए असेल तर व्हीजीएची जागा असलेला मॉनिटर घ्या. नाहीतर मध्ये लावायचा कन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि तो घेताना कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला जायचे आहे हे नक्की सांगावे लागते. व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारा वेगळा आणि उलट दिशेने नेणारा वेगळा.

दुकानात जाताना एक पेन ड्राइव्ह सोबत न्या. त्यात चार पाने ठेवा. एक कोरे पांढरे, एक कोरे काळे, एक नेहमीच्या आकारातल्या उर्दू मजकुराचे आणि एक मराठीचे. दुकानदार बहुधा समुद्राची, फुलांची, पोपटांची झगझगीत चित्रे लावून ठेवतो. त्यांवर कोणताही मॉनिटर सुंदर दिसतो. तुम्ही आपली पाने लावायला सांगा. पांढऱ्या पानावर एखादा काळा ठिपका दिसतो का? तो मेलेला पिक्सेल असू शकतो. काळ्या पानावर एखादा लाल किंवा हिरवा ठिपका सतत उजळलेला दिसतो का? कडांतून प्रकाश पाझरतो का? मग उर्दूचे पान लावून नेहमीच्या अंतरावर बसा आणि पेचे तीन नुक्ते वेगळे दिसतात का ते पाहा. हे सारे पाच मिनिटांत होते. काही दुकानदार 'पॅक खोके उघडत नाही' म्हणतात. पैसे देण्यापूर्वी उघडून दाखवील असा दुकानदार शोधणे बरे, कारण एक-दोन मेलेल्या पिक्सेलांसाठी पुष्कळ कंपन्या मॉनिटर बदलून देत नाहीत.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. पडद्याचा उजेड कमी करा आणि पांढऱ्या पानासमोर पेन्सिल पंख्यासारखी जोरात हलवा. पेन्सिलीची धूसर, सलग छाया दिसली तर ठीक. अनेक वेगवेगळ्या पेन्सिली दिसल्या तर मागचा दिवा भराभर बंद-चालू होत आहे. अशा लुकलुकण्याने काही लोकांचे डोके दुखते.

जुना मॉनिटर घ्यावा का? संगणकाच्या बाजारात कार्यालयांतून निघालेले मॉनिटर खूप येतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, अशा खरेदीविक्रीसाठी प्रसिद्ध आहे. कार्यालयी मॉनिटरचा स्टँड बहुधा वरखाली होतो आणि काहींचा पडदा उभाही फिरवता येतो. उभ्या पडद्यावर उर्दूचे अख्खे पान एकदम दिसते. आपाच्या कामाला ही चैन नव्हे, सोय आहे. स्वस्तातल्या नव्या मॉनिटरचा स्टँड फक्त पुढेमागे कलतो. पण जुना मॉनिटर घेताना घाई नको. तो अर्धा तास चालू ठेवायला सांगा. शेजारी कोरा कागद धरा. पडदा पिवळट झाला असेल किंवा एक कोपरा मंद असेल तर दिवा थकला आहे. पडद्यावर उभी रेघ दिसली तर तो मॉनिटर फुकट मिळाला तरी घेऊ नका. पॅनेल बदलायचा खर्च जवळजवळ नव्या मॉनिटरएवढा येतो. दुकानाची पावती आणि निदान महिनाभराची लेखी हमी मिळत नसेल, तर मी जुन्याच्या वाटेला जाणार नाही. एकाच मॉनिटरवर घराची मिळकत अवलंबून असेल तेव्हा तर मुळीच नाही.

नव्या मॉनिटरची वॉरंटी किती वर्षांची, हे सगळेच विचारतात. तो दुरुस्तीला कुठे न्यावा लागेल, हे फार थोडे लोक विचारतात. सर्व्हिस सेंटर मालेगावात आहे, की नाशिकला मॉनिटर कडेवर घेऊन जावे लागेल? माणूस घरी येतो का? पाचशे रुपये वाचवून दोनदा नाशिकला जावे लागले तर बचत एस.टी.च्या तिकिटांत आणि बुडालेल्या कामात जाते. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आहे का, ते पाहा. सांगितलेल्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरला आहे का, ते आधीच विचारा. 'बिल नको असेल तर कमी करतो' असे कुणी म्हणाले, तर नको म्हणा. बिलाशिवाय वॉरंटी मागायची तरी कशाच्या जोरावर? तक्रार करायची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही बिलाचाच कागद लागतो.

विजेचा खर्च फार नसतो. २२ इंची मॉनिटर सुमारे २० वॅट वीज घेतो. रोज पाच तास चालला तर महिन्याला तीन युनिट होतात. जुन्या पोटाळ मॉनिटरला याच्या तिप्पट-चौपट वीज लागे.

घरी आणल्यावर मॉनिटर कुठे ठेवायचा? तो खिडकीच्या समोर ठेवू नका आणि खिडकीला पाठ करूनही ठेवू नका. समोर ठेवला तर खिडकीचे प्रतिबिंब पडद्यात पडते. खिडकी मॉनिटरच्या मागे आली तर डोळे दिपतात. खिडकी बाजूला असावी. डोळ्यांपासून पडदा हातभर लांब असावा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली यावी. स्टँड बुटका असेल तर खाली दोन जाड वह्या ठेवा, पैसे पडत नाहीत. पडद्याचा उजेड खोलीतल्या उजेडाएवढाच ठेवा. शेजारी धरलेला पांढरा कागद आणि पडद्यावरचे पांढरे पान सारखे दिसले की उजेड बरोबर आहे. नवा मॉनिटर कारखान्यातून फार झगझगीत करून येतो. लोक तो तसाच वापरतात आणि डोळे चुरचुरतात म्हणून मॉनिटरला नावे ठेवतात.

निळ्या प्रकाशापासून वाचवणारे चष्मे दुकानदार सोबत विकतात. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने संगणकासाठी अशा चष्म्यांची शिफारस केलेली नाही. डोळे थकतात ते मुख्यतः पापण्या कमी मिटल्यामुळे आणि जवळ एकटक पाहिल्यामुळे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या एखाद्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, हा उपाय फुकटचा आहे. गल्लीच्या टोकाचे झाडही चालेल.

पडदा पुसताना त्यावर पाणी किंवा काचेचे औषध फवारू नका. पाणी ओघळून खालच्या पट्टीत शिरते आणि पडदा बिघडतो. मऊ सुती फडके किंचित ओले करून, मॉनिटर बंद असताना, हलक्या हाताने पुसा. मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावात हवेत सुताचे बारीक तंतू उडत असतात. ते मॉनिटरच्या मागच्या जाळीत अडकतात आणि आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. आठवड्याला एकदा कोरड्या ब्रशने ती जाळी झाडावी.

राहिला तो बंद पडलेला जुना मॉनिटर. तो पोटाळ असेल तर त्याच्या काचेत शिसे असते. जुना चपटा असेल तर मागच्या बारीक ट्यूबलाइटमध्ये थोडा पारा असतो. तो फोडू नका आणि कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा गोळा करणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात तो द्यावा. दुकानदार जुन्याच्या बदल्यात दोन-तीनशे रुपये कमी करायला तयार असेल, तर नव्या मॉनिटरचे बिल होण्याआधीच ते ठरवून घ्या. नव्याचे खोके आणि थर्मोकोल मात्र वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. मॉनिटर दुरुस्तीला पाठवायची वेळ आली, तर एस.टी.च्या टपावर तो त्याच खोक्यात सुखरूप जाईल.